रोमवर न घेतलेली उडी : जनरल मॅथ्यू रिजवे यांच्या एका नकाराचा अभ्यास

अमेरिकी सैन्यात शौर्यासाठी दिला जाणारा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान म्हणजे ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’. जनरल मॅथ्यू रिजवे यांना तो दोनदा मिळाला. सिसिली, नॉर्मंडी, आर्देनचं जंगल, ऱ्हाइन नदी आणि पुढे कोरिया अशी त्यांची कारकीर्द आहे. कोरियात खचलेल्या आठव्या सैन्याला त्यांनी पुन्हा उभं केलं, ती कथा सैनिकी शाळांतून आजही शिकवली जाते. पण निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींत त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली आहे. देवासमोर उभं राहायची वेळ येईल तेव्हा आपल्याला खरा अभिमान रणांगणावरच्या पराक्रमाचा वाटणार नाही, तर कारकीर्द पणाला लावून एका मोहिमेला अगदी वरपर्यंत विरोध केला त्याचा वाटेल, असं त्यांनी लिहिलं आहे.

ती मोहीम म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४३ मध्ये, रोम शहराजवळ छत्रीधारी सैनिक उतरवण्याची योजना. तिचं सांकेतिक नाव होतं ‘जायंट टू’. मोहीम झालीच नाही, त्यामुळे तिचं पदकही कुणाला मिळालं नाही. मला मात्र रिजवे यांच्या कारकिर्दीतलं हेच प्रकरण सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. वरिष्ठांचा आदेश चुकीचा आहे अशी मनोमन खात्री झालेल्या माणसाने पुढच्या पाच दिवसांत नेमकं काय केलं, ते इथे पायरी-पायरीने पाहता येतं.

पार्श्वभूमी

रिजवे यांचा जन्म १८९५ चा. वडील सैन्यात अधिकारी होते. १९१७ मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकी सैनिकी अकादमीतून ते बाहेर पडले, पण पहिल्या महायुद्धात त्यांना युरोपात जायला मिळालं नाही. ते मेक्सिकोच्या सीमेवर राहिले आणि मग वेस्ट पॉइंटवर स्पॅनिश शिकवत बसले. ज्या पिढीत लढाई पाहिलेले अधिकारीच पुढे जात होते, त्या पिढीत आपलं सगळं संपलं असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. १९४२ मध्ये ओमर ब्रॅडली यांच्यानंतर ८२वी डिव्हिजन त्यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी तिचं रूपांतर छत्रीधारी, म्हणजे एअरबोर्न, डिव्हिजनमध्ये झालं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात आलेली ही पहिली मोठी संधी होती. वरिष्ठांशी वैर घेणं अशा माणसाला किती महाग पडू शकलं असतं, ते यावरून लक्षात यावं.

रोमच्या निर्णयाची खरी मुळं मात्र सिसिलीत आहेत.

११ जुलै १९४३. मित्रसैन्य सिसिलीत उतरून एक दिवस झाला होता. त्या रात्री ८२व्या डिव्हिजनची एक रेजिमेंट विमानांतून आपल्याच ताब्यातल्या किनाऱ्यावर उतरणार होती. किनाऱ्यावर आणि समुद्रातल्या जहाजांवर आपलेच विमानवेधी तोफखाने होते. ‘आज रात्री आपली विमानं येणार आहेत, गोळीबार करू नका’ असा आदेश सगळीकडे गेला होता. निदान कागदावर तरी गेला होता. रिजवे दुपारी स्वतः किनाऱ्यावर फिरले आणि त्यांनी सहा तोफांच्या तुकड्यांना विचारलं. पाच जणांना आदेश मिळाला होता, सहावीला काही माहीत नव्हतं. तिच्या अधिकाऱ्यांना लवकरच बैठकीत सांगितलं जाईल, असं त्यांना आश्वासन मिळालं.

रात्री पहिली काही विमानं सुखरूप गेली. मग कुणीतरी एक तोफ डागली आणि पाठोपाठ सगळा किनारा पेटला. १४४ विमानांपैकी २३ आपल्याच गोळ्यांनी पडली, ३७ जायबंदी झाली. डिव्हिजनचे उपप्रमुख ब्रिगेडियर जनरल चार्ल्स कीरन्स ज्या विमानात होते तेही परतलं नाही.

सहापैकी पाच, हा हिशोब मी विसरू शकत नाही, आणि रिजवेही विसरले नसणार. आदेश निघणं वेगळं आणि तो शेवटच्या तोफेपर्यंत पोचणं वेगळं, हे त्या रात्रीनंतर त्यांना कुणी शिकवायची गरज उरली नाही.

पेच

२५ जुलैला इटलीचे हुकूमशहा मुसोलिनी यांना पदच्युत करण्यात आलं. त्यांच्या जागी आलेले मार्शल पिएत्रो बडोग्लिओ जर्मनांना ‘आम्ही तुमच्याबरोबरच आहोत’ सांगत होते आणि मागच्या दाराने मित्रराष्ट्रांशी तहाची बोलणी करत होते. ती बोलणी जनरल कास्टेलानो चालवत होते. इटलीची भीती खरी होती. तह जाहीर होताच जर्मन रोमचा ताबा घेणार, राजाला आणि सरकारला पकडणार. म्हणून त्यांनी अट घातली की आमच्या राजधानीच्या रक्षणासाठी तुमचं सैन्य रोममध्ये उतरवा.

दुसरीकडे मित्रराष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांची अडचण होती. ९ सप्टेंबरला त्यांचं सैन्य नेपल्सच्या दक्षिणेला सालेर्नो इथे समुद्रातून उतरणार होतं. ताकद बेताची होती. इटालियन सैन्य जर्मनांच्या बाजूने लढलं असतं तर किनाऱ्यावर कत्तल झाली असती. इटलीला युद्धातून बाहेर काढणं ही त्यांची निकड होती आणि रोमवर एक डिव्हिजन उतरवणं ही त्याची किंमत. रूझवेल्ट आणि चर्चिल या दोघांचीही योजनेला संमती होती. ३ सप्टेंबरला सिसिलीत सिराक्यूजजवळ कास्सिबिले इथल्या छावणीत तहावर गुपचूप सह्या झाल्या. त्याच सुमाराला रिजवे आणि त्यांच्या तोफखान्याचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल मॅक्सवेल टेलर यांना बोलावून घेतलं आणि कास्टेलानो यांच्याबरोबर बसून उडीचा आराखडा करायला सांगितलं.

आराखडा असा होता : ८ सप्टेंबरच्या संध्याकाळी तह जाहीर होईल. त्याच रात्री दोन हजारांच्या आसपास सैनिक रोमच्या वायव्येला चेर्वेतेरी आणि फुर्बारा इथल्या धावपट्ट्यांवर उतरतील, बाकीचे पुढच्या रात्रींत. विमानवेधी तोफा गप्प ठेवणं, धावपट्ट्या उजळणं, उतरलेल्यांना रोमपर्यंत नेणं हे सगळं इटालियनांकडे. तीनशेहून अधिक ट्रक, रुग्णवाहिका, पेट्रोल, टेलिफोन, कुदळी-फावडी, काटेरी तार अशी भली मोठी यादी त्यांनी पुरवायची होती.

रिजवे यांनी नकाशा पाहिला तेव्हा दिसलं ते हे. सालेर्नो ते रोम सव्वादोनशे किलोमीटर. सिसिलीहून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या पल्ल्यात सालेर्नोच कसंबसं बसत होतं. रोम त्याच्याही पलीकडे. रोमच्या उत्तरेला जर्मनांची ३री पँझरग्रेनेडियर (म्हणजे रणगाडे आणि मोटारींतलं पायदळ असलेली) डिव्हिजन, दक्षिणेला २री छत्रीधारी डिव्हिजन. रणगाड्यांशी लढायला हलक्या शस्त्रांचे दोन हजार सैनिक. आणि बाकी सगळी मदार अशा यजमानांवर, जे कालपर्यंत शत्रू होते आणि आजही जर्मनांच्या नजरेखाली वावरत होते.

चर्चेत एक गोष्ट खटकली. कास्टेलानो प्रत्येक मागणीला हो म्हणत होते, पण तपशील विचारला की उत्तर सैल होत होतं. शहराजवळच्या विमानतळांवर उतरायचं ठरत होतं, तेव्हा तिथल्या सगळ्या तोफा गप्प ठेवण्याची हमी त्यांना देता येईना. म्हणून तर उडीची जागा दूर समुद्रकिनाऱ्याकडे सरकली. रिजवे यांचं मत बनलं की हे लोक जे कबूल करताहेत ते करण्याची ताकद त्यांच्याकडे नाही. हे मत त्यांनी झाकून ठेवलं नाही.

समोरचे पर्याय

आदेश आला, तो पाळायचा, हा पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग. युद्धात धोका कुणाला चुकला आहे? त्या पातळीवरच्या बहुतेक अधिकाऱ्यांनी हेच केलं असतं आणि त्यांना कुणी दोष दिला नसता. उडी फसली असती तर जबाबदारी योजना मंजूर करणाऱ्यांवर गेली असती.

अगदी दुसऱ्या टोकाचा मार्ग म्हणजे साफ नकार देऊन पद सोडणं. त्यात मनाला समाधान मिळालं असतं, पण डिव्हिजन वाचली नसती. दुसरा प्रमुख नेमून तीच माणसं त्याच विमानांत बसली असती. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण तत्त्वासाठी राजीनामा हा आपल्याकडे फार मोठा मानला जातो. इथे त्याने कुणाचा जीव वाचणार होता का? माझ्या मते नाही.

आपलं मत लेखी नोंदवून आदेश पाळणं हा मधला मार्गही होता. पुढे चौकशी झालीच तर कागद दाखवता आला असता. पण त्याने फक्त लिहिणाऱ्याचा बचाव होतो.

रिजवे यांनी यातलं काहीच निवडलं नाही. त्यांनी वाद मतांवरून माहितीवर आणला. ‘मला वाटतं हे होणार नाही’ आणि ‘तुम्हाला वाटतं हे होईल’ असा झगडा चालू राहिला तर ज्याचा हुद्दा मोठा त्याचं खरं ठरणार. म्हणून त्यांनी मागणी बदलली : रोममध्ये आपला माणूस पाठवा, त्याला डोळ्यांनी पाहू द्या.

प्रत्यक्षात काय घडलं

आधी ते आयझेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ बेडेल स्मिथ यांच्याकडे गेले. स्मिथ यांनी ऐकून घेतलं आणि इटलीतल्या मोहिमेचे ब्रिटिश सेनापती अलेक्झांडर यांच्याकडे जा म्हणून सांगितलं. अलेक्झांडर यांनी विषय हातानेच बाजूला सारला. काळजी सोडा, तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत आमचं सैन्य तुमच्या डिव्हिजनला येऊन मिळेल, असं त्यांनी सांगितलं.

हा पहिला निर्णयबिंदू. सेनापतीने नाही म्हटलं. इथे थांबायला सबळ कारण होतं. रिजवे मात्र पुन्हा स्मिथ यांच्याकडे गेले आणि टेलर यांना रोमला पाठवण्याची परवानगी मागितली. अलेक्झांडर यांना हेही आधी फार जोखमीचं वाटलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. टेलर यांना सालेर्नोची तारीख ठाऊक होती. ते जर्मनांच्या हाती लागले असते तर रोमच नव्हे, सालेर्नोही उघडं पडलं असतं. अखेर स्मिथ यांच्या मध्यस्थीने होकार मिळाला. म्हणजे रिजवे यांनी दोन हजारांची जोखीम कमी करण्यासाठी एका मोठ्या गुपिताची जोखीम घेतली. निकाल चांगला लागला म्हणून ती जोखीम लहान होती असं म्हणता येणार नाही.

७ सप्टेंबरला पहाटे टेलर आणि विमानदलाचे कर्नल विल्यम गार्डिनर पालेर्मोहून एका वेगवान ब्रिटिश नौकेतून निघाले. गार्डिनर हे मेन राज्याचे माजी गव्हर्नर. उस्तिका बेटाजवळ ‘इबिस’ ही इटालियन युद्धनौका त्यांची वाट पाहत होती. संध्याकाळी गाएता बंदरात उतरताना त्यांचे गणवेश भिजवले, विस्कटले, म्हणजे समुद्रातून पकडलेले वैमानिक वाटावेत. बंदरापासून मोटारीने आणि पुढे रुग्णवाहिकेतून त्यांना रोममध्ये आणलं. गणवेश न उतरवण्याचं कारण साधं होतं : साध्या वेषात पकडले गेले तर हेर म्हणून गोळी.

रोममध्ये त्यांच्यापुढे उत्तम जेवण वाढलं गेलं, पण बोलायला कुणी येईना. उद्या रात्री विमानं उडणार आहेत आणि इथे घाईच नाही, हे पाहून टेलर यांनी जोर धरला. मग जनरल कार्बोनी आले. रोमच्या बाजूचं मुख्य सैन्य त्यांच्या हाताखाली होतं. त्यांनी जे सांगितलं त्याने कास्टेलानो यांचा सगळा इमला कोसळला. मुसोलिनी गेल्यापासून जर्मनांनी पेट्रोल आणि दारूगोळा देणं बंद केलं आहे. आमच्या गाड्यांत काही तासांपुरतंच इंधन आहे. धावपट्ट्यांची हमी देता येत नाही. तुम्ही उतरलात तर जर्मन तुम्हालाही संपवतील आणि आम्हालाही. तह जाहीर होण्याची वेळ उद्याची आहे हे या मंडळींना टेलर यांच्याकडून कळत होतं. त्यांचा समज होता की अजून काही दिवस हातात आहेत.

मध्यरात्रीच्या सुमाराला टेलर यांनी थेट बडोग्लिओ यांच्या घरी जाऊन त्यांना झोपेतून उठवलं. बोलणं बरंचसं फ्रेंचमधून झालं. म्हातारे मार्शल कार्बोनी यांचंच म्हणणं पुन्हा सांगत राहिले. तहच पुढे ढकला, म्हणाले. टेलर यांनी त्यांच्याकडून ते आयझेनहॉवर यांच्या नावे लिहून घेतलं, स्वतःचा संदेशही जोडला आणि रेडिओवरून धाडला.

हा दुसरा निर्णयबिंदू. टेलर यांना शिफारस करण्याचा अधिकार होता आणि एक सांकेतिक वाक्य ठरलेलं होतं : ‘परिस्थिती निरुपद्रवी’. अर्थ बरोबर उलटा, म्हणजे मोहीम रद्द करा. ८ सप्टेंबरला सकाळी उशिरा, आधीचे संदेश पोचले की नाही याची खात्री नसल्याने, त्यांनी हे दोन शब्द पाठवले.

तिकडे बडोग्लिओ यांचं पत्र वाचून आयझेनहॉवर संतापले. त्यांनी उडी रद्द केली, पण तह पुढे ढकलला नाही. ठरल्याप्रमाणे संध्याकाळी साडेसहाला त्यांनी तो रेडिओवरून जाहीर केला. बडोग्लिओ यांनाही तासाभराने जाहीर करणं भाग पडलं. या प्रकरणातला हा आयझेनहॉवर यांचा निर्णय फार विचारपूर्वक होता असं मला वाटतं. उडी आणि तह ही दोन गाठोडी त्यांनी वेगळी केली. जे फसणार होतं ते सोडलं आणि जे हवं होतं ते धरून ठेवलं.

आता उरला होता निरोप. सिसिलीत लिकाता इथे छत्र्या बांधून सैनिक विमानांकडे निघाले होते. रेडिओचा संदेश वेळेत पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ब्रिगेडियर जनरल लायमन लेम्नित्झर यांना विमानाने पाठवलं. वैमानिक वाट चुकला; एटना ज्वालामुखी दिसला तेव्हा चूक ध्यानात आली आणि ते मागे वळले. ते पोचले तेव्हा काही विमानांनी आकाशात रांग धरायला सुरुवात केली होती. पेटते बाण सोडून उड्डाणं थांबवली.

सहावी तोफ याही वेळी जवळजवळ राहूनच गेली होती.

परिणाम

९ सप्टेंबरच्या पहाटे राजा आणि बडोग्लिओ रोम सोडून निघाले. सैन्याला स्पष्ट आदेश कुणीच दिले नाहीत. १० तारखेला शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं. सालेर्नोला उतरलेलं सैन्य पहिल्याच आठवड्यात समुद्रात ढकललं जायच्या बेतात आलं होतं. ‘तीन दिवस, फार तर पाच’ म्हणून सांगितलेलं सैन्य रोममध्ये पोचलं ते ४ जून १९४४ ला, नऊ महिन्यांनी. चेर्वेतेरीच्या शेतांत उतरलेल्या दोन हजार जणांचं काय झालं असतं ते यावरून ज्याने त्याने ठरवावं.

रिजवे लढायला कचरत होते का, ही शंका कुणाच्या मनात असेल तर ती पाच दिवसांत फिटली. १३ सप्टेंबरला दुपारी सालेर्नोला उतरलेल्या सैन्याचे सेनापती जनरल मार्क क्लार्क यांचं पत्र घेऊन एक वैमानिक सिसिलीत उतरला : सालेर्नोचा किनारा हातचा जातोय, आज रात्रीच तुमची माणसं आमच्या हद्दीत उतरवा. रिजवे यांनी होकार कळवला आणि एकच अट घातली, जहाजांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक तोफेने गप्प राहिलं पाहिजे. जमिनीवर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या वाळूचे डबे पेटवून मोठं ‘टी’ अक्षर केलं होतं. मध्यरात्रीच्या सुमाराला तेराशेच्या आसपास सैनिक त्या खुणेवर उतरले, दुसऱ्या रात्री दुसरी रेजिमेंट. एकही तोफ झडली नाही. जे सिसिलीत चुकलं होतं ते इथे शब्दशः दुरुस्त झालं. ८ तारखेला जी माणसं रोमला पाठवण्याविरुद्ध ते भांडले, तीच माणसं १३ तारखेला त्यांनी काही तासांत पाठवली. दोन्ही वेळा मोजमाप तेच होतं : खाली कोण आहे, किती दूर आहे, आणि कबूल केलेलं ते करू शकतं का?

या हिशोबाची दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून हे प्रकरण लिहिणं मला पटत नाही. जर्मनांच्या ताब्यातल्या रोममधून १६ ऑक्टोबर १९४३ ला हजाराहून जास्त ज्यूंना उचलून आउशवित्झला नेलं. त्यातले सोळा परत आले. मार्च १९४४ मध्ये आर्देआतिने खाणीत ३३५ जणांना गोळ्या घातल्या. रोमच्या दक्षिणेला आणि उत्तरेला डोंगराडोंगरांतून युद्ध दीड वर्ष रखडलं. आपल्या घरांतही त्या रखडलेल्या युद्धाच्या खुणा आहेत. रोम पडल्यावर महिन्याभराने, १० जुलै १९४४ ला, वरच्या तायबर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने जर्मन मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांना तो ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या झुंजीसाठी मिळाला. ‘इटलीची लढाई’ म्हणून रायगड आणि नगरच्या गावांत जी ऐकिवात आहे, ती हीच. १९४३ च्या सप्टेंबरात रोम हाती आलं असतं तर हे सगळं टळलं असतं का? काही इतिहासकारांना वाटतं की एक मोठी संधी गेली, आणि हा प्रश्न त्यांनी उगाच काढलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

टेलर रोममध्ये दोन माणसांना भेटले : कार्बोनी आणि बडोग्लिओ. दोघेही घाबरलेले होते आणि दोघांनाही उडी नको होती. रोमभोवतीच्या इटालियन डिव्हिजनचे इतर अधिकारी त्यांना भेटलेच नाहीत. पुढच्या दोन दिवसांत त्यांतल्या काहींनी, आदेश नसताना, जर्मनांशी झुंज दिली. उत्तरेला मोंतेरोसीपाशी ‘आरिएते’ डिव्हिजनने जर्मनांना अडवलं, शहराच्या दक्षिण वेशीवर पोर्ता सान पाओलोपाशी सैनिक आणि साधे नागरिक खांद्याला खांदा लावून लढले. म्हणजे टेलर यांनी आणलेली माहिती खरी होती, पण पुरी नव्हती. एका रात्रीत याहून जास्त मिळणं शक्य नव्हतं, आणि दोष इथेच आहे : माणूस पाठवायला एकच रात्र का उरली? कास्टेलानो यांच्याशी बोलणी ऑगस्टपासून चालू होती. लिस्बनमध्ये पहिली भेट झाली तेव्हाच रोमला निरीक्षक पाठवण्याची अट घालता आली असती. योजना आधी ठरली, सह्या झाल्या, आणि मग पाहणी झाली. क्रम उलटा होता.

दुसरी गोष्ट, तारखेची. मित्रराष्ट्रांनी इटालियनांवर इतका अविश्वास ठेवला की तह कोणत्या दिवशी जाहीर होणार ते त्यांना कळूच दिलं नाही. सालेर्नोचं गुपित राखायला ते गरजेचं होतं. पण ज्यांना तारीखच माहीत नाही त्यांच्याकडून त्या तारखेला तीनशे ट्रकांची अपेक्षा ठेवली गेली. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नव्हत्या, आणि योजना करणाऱ्या इतक्या हुशार माणसांपैकी कुणीच हे टेबलावर ठेवल्याचं दिसत नाही. रिजवे यांचा आक्षेप इटालियनांच्या कुवतीवर होता. या विसंगतीवर बोट ठेवलं असतं तर कदाचित अलेक्झांडर यांना तो एवढ्या सहज झटकता आला नसता.

रद्द करण्याचा मार्गही आधी पक्का करायला हवा होता. सिसिलीचा अनुभव पाठीशी असलेल्या डिव्हिजनने ‘अमुक वेळेपर्यंत हिरवा कंदील आला नाही तर उडायचं नाही’ असा उलटा नियम मागायला हवा होता. तसा नियम नसल्यामुळे शेवटी सगळं एका वाट चुकलेल्या विमानावर येऊन ठेपलं.

हे सगळं धरूनही मला रिजवे यांचा निर्णय बरोबर वाटतो. राजा पळाला, सरकार पळालं, सैन्याला आदेश देणारं कुणी उरलं नाही. अशा शहराबाहेर उतरलेल्या दोन हजार परक्यांनी ती पोकळी कशी भरली असती? पोर्ता सान पाओलोला लढलेल्यांना नेता हवा होता, आणि तो विमानातून टाकता येत नाही.

पुढे

१९५३ मध्ये रिजवे अमेरिकी भूदलाचे प्रमुख झाले. १९५४ च्या वसंतात व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू इथे फ्रेंच सैन्य वेढलं गेलं आणि अमेरिकेने इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनाम आणि त्याच्या शेजारच्या फ्रेंच वसाहतींत, उतरावं असा दबाव सुरू झाला. संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष ॲडमिरल रॅडफोर्ड त्या बाजूचे होते. रिजवे यांनी तज्ज्ञांचं पथक प्रत्यक्ष तिथे पाठवलं : बंदरं किती खोल आहेत, रस्ते किती वजन पेलतील, पाऊस किती, रोगराई कोणती. अहवाल घेऊन ते राष्ट्राध्यक्षांपुढे गेले. इथे उतरायचं तर किती डिव्हिजन लागतील, ते आकड्यांत मांडलं. राष्ट्राध्यक्ष होते आयझेनहॉवर. उपपरराष्ट्रमंत्री होते बेडेल स्मिथ. अकरा वर्षांपूर्वी रोमच्या वेळी होती तीच माणसं, आणि रिजवे यांची रीतही तीच. अमेरिका त्या वर्षी तिथे उतरली नाही. रोमचा आणि इंडोचायनाचा हे दोन नकार रिजवे स्वतः आठवणींत शेजारी-शेजारी ठेवतात.

सैन्यकपातीवरून आयझेनहॉवर यांच्याशी मतभेद वाढले आणि जून १९५५ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आले मॅक्सवेल टेलर. १९६१ मध्ये टेलर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासाठी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनला पाहणी करायला गेले आणि अमेरिकी सैनिक पाठवण्याची शिफारस घेऊन परतले. पाहणी करायला जाणारा माणूस तोच होता. या वेळी उत्तर वेगळं आलं. ते का, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

मार्च १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनामवर सल्ला घ्यायला जुन्या जाणत्यांची बैठक बोलावली. त्या टेबलाभोवती रिजवे होते आणि टेलरही होते. टेलर यांचं मत पडलं की जोर कायम ठेवावा. रिजवे यांचं मत पडलं की बाहेर पडावं, आणि बहुमत त्यांच्या बाजूला होतं. ३१ मार्चला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं. रिजवे तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते.